लाल मांस आणि दीर्घकालीन आरोग्य : विज्ञानाचा कौल व श्रावकाचा विवेक

॥ श्री वीतरागाय नमः ॥

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



प्रत्येक जैन घरात केव्हा ना केव्हा एखादे लहान मूल आईला विचारते, ‘आपण मांस का खात नाही?’ या प्रश्नाचे परंपरागत उत्तर एकच होते आणि ते तीन अक्षरांत संपत असे : अहिंसा. गेल्या काही दशकांत या उत्तराला दुसऱ्या एका उत्तराची जोड मिळाली आहे. मांसाहार आरोग्यास घातक असतो, त्याने कर्करोग होतो, हृदयविकार जडतो, म्हणून शाकाहार श्रेष्ठ, असे पाठशाळेत, पर्वकाळातील प्रवचनांत आणि निबंधस्पर्धांत वारंवार सांगितले जाते. हे सांगण्यामागील हेतू शुद्ध आहे, यात शंका नाही. तथापि सांगितले जाणारे सर्वच खरे असते काय, याचा विचार क्वचितच होतो.

हा विचार आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. समाजातील मुले-मुली शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस, बंगळूरूस आणि परदेशी जातात. तेथे सहाध्यायी त्यांना आहाराविषयी प्रश्न विचारतात. पाठशाळेत पाठ केलेली उत्तरे ती देतात आणि समोरची व्यक्ती दोन मिनिटांत त्यांतील चुका दाखवून देते. मग त्या मुलाच्या मनात शंका येते की, आरोग्याविषयी जे शिकवले ते चुकीचे होते, तर जीवदयेविषयी जे शिकवले तेही तसेच असेल काय? असत्य युक्तिवादाने केलेल्या समर्थनामुळे सत्य सिद्धांताची हानी होते, ती अशी. म्हणून लाल मांस दीर्घकालीन आरोग्यास अपायकारक आहे काय, असल्यास किती, आणि हे ज्ञान किती निश्चित आहे, हे सत्यमहाव्रताचे स्मरण ठेवून तपासणे आवश्यक आहे.

लाल मांस म्हणजे काय?

वैद्यकीय परिभाषेत सस्तन प्राण्यांच्या स्नायूंच्या मांसाला लाल मांस म्हणतात. गाय-बैल, डुक्कर, मेंढी, बोकड आणि घोडा यांचे मांस त्यात येते. कोंबडी व मासे यांचा त्यात समावेश होत नाही. लाल मांसाहून वेगळा असा एक वर्ग ‘प्रक्रिया केलेल्या मांसा’चा आहे. मीठ लावून, नायट्राइटसारखी परिरक्षक द्रव्ये घालून, धूर देऊन किंवा आंबवून टिकवलेले मांस या वर्गात मोडते. सॉसेज, हॅम, बेकन, सलामी ही त्याची परिचित नावे होत. हे दोन वर्ग ध्यानी ठेवल्याविना पुढील विवेचनाचा अर्थ लागणार नाही, कारण विज्ञानाने या दोहोंविषयी दिलेला कौल समान नाही.

२०१५ मधील निर्णय

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था फ्रान्समधील लियाँ येथे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेथे दहा देशांतील २२ तज्ज्ञ एकत्र आले. त्यांनी आठशेहून अधिक अभ्यासांचा परामर्श घेतला आणि प्रक्रिया केलेल्या मांसास पहिल्या गटात, म्हणजे ‘मानवात कर्करोग उत्पन्न करणारे’ या गटात स्थान दिले. लाल मांसास त्यांनी त्याखालील ‘२-अ’ गटात, म्हणजे ‘बहुधा कर्करोग उत्पन्न करणारे’ या गटात ठेवले. या निर्णयाचा मुख्य आधार मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाविषयीचा होता. दररोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे अनुमान त्यांनी नोंदवले. लाल मांसाचा संबंध कार्यकारणाचा आहे असे गृहीत धरल्यास, दररोज १०० ग्रॅममागे ही वाढ १७ टक्के असू शकेल, असेही त्यांनी म्हटले.

या निर्णयाची वार्ता जगभर पसरली आणि ‘मांस तंबाखूइतकेच घातक’ अशी वाक्ये अनेक ठिकाणी छापली गेली. तंबाखू व ॲस्बेस्टॉस हीसुद्धा पहिल्याच गटात आहेत, हे खरे आहे. परंतु हे गट पुराव्याची बळकटी दर्शवतात, धोक्याचे परिमाण दर्शवत नाहीत. एखादा पदार्थ कर्करोग उत्पन्न करतो याची खात्री किती, एवढेच गटावरून कळते. जागतिक आरोग्य संघटनेनेच त्या वेळी दिलेली आकडेवारी या दृष्टीने बोलकी आहे. प्रक्रिया केलेल्या मांसाच्या अधिक सेवनामुळे जगात दरवर्षी सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू होत असावेत, असा अंदाज होता. तंबाखूमुळे होणाऱ्या कर्करोगमृत्यूंची संख्या सुमारे १० लाख आणि मद्यामुळे होणाऱ्यांची सुमारे ६ लाख होती. तिन्ही त्याज्य खरी, पण तिन्ही समान नव्हेत.

टक्क्यांचा अर्थ

‘१८ टक्के वाढ’ हे शब्द ऐकून अनेकांचा असा समज होतो की, मांस खाणाऱ्या शंभरांपैकी १८ जणांना कर्करोग होतो. हा समज निखालस चुकीचा आहे. ब्रिटनमधील एक हिशेब या ठिकाणी उपयोगी पडतो. तेथे दर हजार व्यक्तींपैकी सुमारे ६१ जणांना आयुष्यात कधी तरी आतड्याचा कर्करोग होतो. प्रक्रिया केलेले मांस सर्वांत कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण हजारी सुमारे ५६, तर सर्वांत अधिक खाणाऱ्यांत सुमारे ६६ असते. म्हणजे हजार माणसांमागे दहा माणसांचा फरक पडतो.

हा फरक क्षुल्लक म्हणून सोडून द्यावा काय? मुळीच नाही. त्या दहा कुटुंबांना तो क्षुल्लक नसतो, आणि कोट्यवधींच्या लोकसंख्येत त्याची बेरीज फार मोठी होते. परंतु मांसाहार करणाऱ्या शेजाऱ्याला ‘तुम्हाला कर्करोग होणारच’ असे सांगणे मात्र असत्यभाषण ठरेल. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये दिलेला सल्ला यापेक्षा कितीतरी संयत आहे. लाल मांस खायचेच असेल तर शिजवलेल्या स्वरूपात आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमपेक्षा अधिक खाऊ नये आणि प्रक्रिया केलेले मांस खाल्लेच तर अत्यल्प खावे, असा तो सल्ला आहे.

दीर्घ पाठपुराव्याचे अभ्यास

आहाराचे परिणाम महिन्या-दोन महिन्यांत दिसत नाहीत. त्यासाठी हजारो माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवावी लागते. अमेरिकेत १९७६ मध्ये एक लाख वीस हजारांहून अधिक परिचारिकांचा आणि १९८६ मध्ये पन्नास हजारांहून अधिक पुरुष आरोग्य-व्यावसायिकांचा असे दोन प्रदीर्घ अभ्यास सुरू झाले. या दोहोंच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दररोज एक वाढप प्रक्रिया न केलेले लाल मांस अधिक खाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांनी, तर प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत २० टक्क्यांनी अधिक आढळले.

युरोपातील दहा देशांत चाललेल्या एका विशाल अभ्यासात सुमारे ४ लाख ७८ हजार व्यक्तींची माहिती तपासून २००५ मध्ये निष्कर्ष मांडण्यात आला. दिवसाला १६० ग्रॅमहून अधिक लाल व प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचा धोका, २० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी अधिक होता. मधुमेहाविषयीचा पुरावाही आता पुढे आला आहे. वीस देशांतील सुमारे १९ लाख ७० हजार प्रौढांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार दररोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका १५ टक्क्यांनी आणि १०० ग्रॅम साध्या लाल मांसामागे १० टक्क्यांनी वाढलेला दिसला.

धर्मश्रद्धेने शाकाहार स्वीकारणाऱ्या आणखी एका समाजाचा अभ्यास जैन समाजास विशेष उद्बोधक वाटेल. अमेरिकेत ॲडव्हेंटिस्ट नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. त्यातील पुष्कळ अनुयायी मांस, मद्य व धूम्रपान वर्ज्य मानतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासातील ७३ हजारांहून अधिक अनुयायांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये असे दिसले की, त्यांच्यापैकी शाकाहारींचा मृत्युदर मांसाहारींपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होता. येथे तुलना एकाच पंथातील, बऱ्याच अंशी समान राहणीच्या लोकांत झाली असल्याने तिचे मोल अधिक आहे.

अपाय होतो तो कसा?

लाल मांसाला लाल रंग देणाऱ्या घटकात ‘हीम’ स्वरूपातील लोह असते. हे लोह आतड्यात एन-नायट्रोसो वर्गातील संयुगे तयार होण्यास साहाय्य करते आणि ही संयुगे आतड्याच्या अस्तरातील पेशींच्या गुणसूत्रद्रव्याला इजा करू शकतात. प्रक्रिया करताना घातलेल्या नायट्राइटमुळे त्यांत भर पडते. मांस निखाऱ्यावर भाजले किंवा अतिउष्णतेवर तळले, तर कर्करोगकारक अशी आणखी काही रसायने निर्माण होतात. चरबीयुक्त मांसातील संपृक्त स्निग्धांशामुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते, तर प्रक्रिया केलेल्या मांसातील मिठामुळे रक्तदाब वाढतो.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी २०१३ मध्ये आणखी एक दुवा दाखवला. लाल मांसातील कार्निटिन या द्रव्यापासून आतड्यातील जिवाणू व पुढे यकृत मिळून एक संयुग तयार करतात आणि त्याचा संबंध रक्तवाहिन्यांच्या काठिण्याशी असावा, असे त्यांना आढळले. नेहमी मांस खाणाऱ्यांच्या शरीरात हे संयुग पुष्कळ तयार झाले. दीर्घकाळ मांस न खाणाऱ्यांना तेच कार्निटिन दिले असता ते अत्यल्प तयार झाले. आहार जसा, तसे आतड्यातील जिवाणूंचे विश्व घडते, असा याचा अर्थ होतो.

विद्वानांतील मतभेद

अनेकांताचा वारसा सांगणाऱ्या समाजाने दुसरी बाजूही तितक्याच आस्थेने ऐकली पाहिजे. वर उल्लेखिलेले बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. पाश्चात्त्य देशांत अधिक मांस खाणारी माणसे बहुधा अधिक धूम्रपान करणारी, कमी व्यायाम करणारी, अधिक वजनाची आणि फळे-भाज्या कमी खाणारी असतात. गणिताने या गोष्टींचा परिणाम वजा केला जातो, पण तो पूर्णपणे वजा झाला याची हमी कोणी देऊ शकत नाही. याच कारणास्तव २०१९ मध्ये संशोधकांच्या एका गटाने पुरावा दुर्बल असल्याचे सांगून, प्रौढांनी मांसाचे चालू प्रमाण कायम ठेवण्यास हरकत नाही, अशी शिफारस केली. तीवर मोठा वाद झाला आणि अनेक नामवंत आहारतज्ज्ञांनी तिला विरोध केला. २०२२ मध्ये झालेल्या दुसऱ्या एका व्यापक परीक्षणातही प्रक्रिया न केलेल्या लाल मांसाविरुद्धचा पुरावा क्षीण असल्याचे म्हटले गेले.

बांगलादेश, चीन, जपान, कोरिया व तैवान या आशियाई देशांतील सुमारे तीन लाख व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लाल मांस व वाढीव मृत्युदर यांचा संबंध आढळला नाही. तेथे मांस खाण्याचे प्रमाण पाश्चात्त्यांच्या मानाने पुष्कळच कमी होते, हे त्याचे एक संभाव्य कारण होय.

सर्व बाजू एकत्र पाहता जो निष्कर्ष निघतो, तो असा : प्रक्रिया केलेले मांस अपायकारक आहे, याविषयी तज्ज्ञांत बरेचसे एकमत आहे. साधे लाल मांस नित्य व अधिक प्रमाणात खाणे बहुधा अपायकारक आहे. ते क्वचित व अल्प प्रमाणात खाल्ल्याने होणारा शारीरिक अपाय, असलाच तर, अल्प असावा. श्रावकाला हे तिसरे विधान कदाचित रुचणार नाही. परंतु सत्य रुचकर असावे, असा नियम नाही.

काही प्रचलित गैरसमज

मांस पोटात दिवसेंदिवस सडत राहते, मानवाचे शरीर मांस पचवूच शकत नाही, मांसाहारी मनुष्य अल्पायुषी असतो, अशी विधाने अजूनही छापली जातात. ती टिकणारी नाहीत. मांसाचे पचन इतर प्रथिनांप्रमाणेच जठर व लहान आतड्यात होते. जपानमध्ये मासे आणि हाँगकाँगमध्ये मांसही भरपूर खाल्ले जाते, तरी तेथील आयुर्मान जगात अत्युच्च गणले जाते. शरीररचनेच्या दृष्टीने मनुष्य दोन्ही प्रकारचे अन्न पचवू शकणारा प्राणी आहे.

हे मान्य केल्याने धर्माचे काही उणे होत नाही. किंबहुना त्याचे तेज वाढते. जे शक्यच नाही, ते न करण्यात त्याग कोणता? गाय मांस खात नाही, म्हणून तिला कोणी व्रती म्हणत नाही. मांस पचवण्याची क्षमता असूनही, समोरच्या जीवाची वेदना जाणून मनुष्य ते नाकारतो, तेव्हाच त्या नकाराला व्रताची पदवी प्राप्त होते.

मांस नाही, मग ताटात काय?

आतापर्यंतचे विवेचन ऐकून श्रोत्यांना समाधान वाटले असेल, तर त्या समाधानाला येथे थोडा आवर घातला पाहिजे. हार्वर्डच्या २०१२ मधील अभ्यासाचा एक भाग फारसा सांगितला जात नाही. लाल मांसाच्या एका वाढपाऐवजी बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा घेतल्यास मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी, अखंड धान्ये घेतल्यास १४ टक्क्यांनी आणि कडधान्ये घेतल्यास १० टक्क्यांनी कमी होण्याचा अंदाज त्यात वर्तवला होता. म्हणजे लाभ ठरतो तो त्यागलेल्या पदार्थाच्या जागी काय आले यावर. त्याची जागा मैदा, साखर, तळण व वनस्पती तुपाने घेतली, तर या लाभाची अपेक्षा ठेवता येत नाही.

समाजातील पंगतींकडे या दृष्टीने पाहावे. फरसाण, तळलेल्या पुऱ्या, तीन प्रकारची मिष्टान्ने, तुपात न्हालेली खिचडी आणि वर गोड सरबत, असा बेत आज अपवाद राहिलेला नाही. पदार्थ शंभर टक्के शाकाहारी असतात, पण हृदयाची धमनी तेवढ्यावर समाधान मानत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि सुमारे १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती होत्या. ज्या देशात मांसाचा खप जगाच्या मानाने अत्यल्प आहे, त्या देशाची ही स्थिती आहे. तेव्हा या व्याधीचे खापर मांसावर फोडता येणार नाही.

ब्रिटनमधील ४८ हजारांहून अधिक व्यक्तींच्या १८ वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शाकाहारींना हृदयविकाराचा धोका २२ टक्क्यांनी कमी, परंतु पक्षाघाताचा, विशेषतः मेंदूतील रक्तस्रावाचा, धोका २० टक्क्यांनी अधिक दिसला. हजार व्यक्तींमागे दहा वर्षांत हृदयविकाराचे सुमारे दहा रुग्ण कमी आणि पक्षाघाताचे सुमारे तीन रुग्ण अधिक, असा तो हिशेब आहे. एकंदरीत लाभाचे पारडे जड आहे, पण दुसरे पारडे रिकामे नाही.

या ठिकाणी पूर्वाचार्यांच्या दूरदृष्टीचे स्मरण होते. त्यांनी श्रावकाला मांसत्यागाशी थांबू दिले नाही. बाह्य तपांत त्यांनी ऊनोदर सांगितले, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी खाणे. रसपरित्याग सांगितला, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, साखर आणि मीठ यांपैकी एक किंवा अधिक रसांचा त्याग. आजचा आहारतज्ज्ञ रुग्णाला तेल, साखर व मीठ कमी करण्यास सांगतो. दिवसाला मीठ पाच ग्रॅमहून कमी असावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आचार्यांचा हेतू इंद्रियजयाचा होता, रक्तदाबाचा नव्हता. तरीही जो समाज हे तप खऱ्या अर्थाने आचरील, त्याला शरीरस्वास्थ्याचा लाभ आनुषंगिक रीत्या मिळेल. मांस सोडले पण रसलोलुपता सोडली नाही, तर व्रताचे अर्धेच पालन झाले.

ब-१२ जीवनसत्त्वाचा गंभीर प्रश्न

शाकाहाराच्या गौरवात एक विषय नेहमी झाकला जातो, आणि त्याची किंमत समाजातील माता व वृद्ध मोजतात. हा विषय ब-१२ जीवनसत्त्वाचा. हे जीवनसत्त्व निसर्गात केवळ सूक्ष्म जिवाणू तयार करतात. वनस्पतींत ते विश्वासार्ह प्रमाणात मिळत नाही. शेवाळापासून केलेल्या काही पदार्थांची जाहिरात होते, पण त्यांतील द्रव्य बहुतांशी शरीराला निरुपयोगी असते. दूध व दही हाच शाकाहारीचा नैसर्गिक आधार असून, तो अनेकदा अपुरा पडतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. शाकाहारींत ही उणीव अधिक होती. याच संशोधकांनी पुणे जिल्ह्यातील माता व बालकांचा प्रदीर्घ अभ्यास केला. २००८ मध्ये त्यांनी दाखवले की, गर्भारपणी ज्या मातांत ब-१२ कमी पण फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढील मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती अधिक दिसली.

यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्यामुळे ही उणीव हळूहळू प्रकटते. थकवा, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विस्मरण, पांडुरोग ही तिची लक्षणे होत. ‘वय झाले’ म्हणून ती दुर्लक्षिली जातात आणि फार विलंब झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची ठरते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत आणि आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व अधिकच घटते.

उपाय मात्र सोपा आहे. रक्ताची साधी तपासणी करावी आणि वैद्यांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. औषधातील ब-१२ जिवाणूंच्या किण्वनाने तयार होते, त्यासाठी प्राण्याची हत्या होत नाही. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून ज्यांना ते वर्ज्य आहे, त्यांनी साधी गोळी मागून घ्यावी. दूधही सोडण्याचा निश्चय करणाऱ्या तरुणांनी तर या पूरक मात्रेत कधीच खंड पडू देऊ नये. गर्भवती व स्तनदा मातांच्या बाबतीत ही काळजी घेणे हे कुटुंबाचे कर्तव्य समजावे.

प्रथिने व लोह यांचाही थोडा विचार हवा. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत पुरेसे असते आणि डाळीतील उणीव धान्य भरून काढते. म्हणून वरण-भात, पिठले-भाकरी, आमटी-पोळी या जोड्या शास्त्रीय कसोटीस उतरतात. मात्र ताटात भात डोंगराएवढा आणि वरण चमचाभर, ही रीत बदलली पाहिजे. शेंगदाणे, सोयाबीन, तीळ, जवसाची चटणी यांना नित्य स्थान असावे. वनस्पतीज लोहाचे शोषण लिंबू-आवळ्याने वाढते आणि जेवणासोबत घेतलेल्या चहाने घटते. चातुर्मासात पालेभाज्या वर्ज्य करणाऱ्या घरांनी फळभाज्या, कडधान्ये व फळे यांचे प्रमाण जाणीवपूर्वक वाढवावे, म्हणजे चोथा व लोह यांची तूट पडणार नाही.

अहिंसेचा खरा आधार

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळले पाहिजे. समजा, उद्या एखाद्या अभ्यासाने सिद्ध केले की लाल मांस संपूर्णपणे निर्धोक आहे, तर श्रावकाने ते खावे काय? या प्रश्नाचे उत्तर देताना ज्याचा आवाज किंचितही कापेल, त्याच्या अहिंसेचा पाया आरोग्यावर उभा आहे, असे समजावे. आचार्य अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात मांसत्यागाचे प्रतिपादन केले, ते हिंसेच्या विचारातून. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांच्या प्रेरणेने गुजरातच्या कुमारपाल राजाने आपल्या राज्यात पशुवधाला बंदी केली. सोळाव्या शतकात आचार्य हीरविजयसूरींच्या उपदेशाने सम्राट अकबराने पर्युषणकाळात पशुवध थांबवला. यांपैकी कोणीही आतड्याच्या कर्करोगाचा आधार घेतला नाही. मरणाऱ्या जीवाचे दुःख, हाच त्यांचा एकमेव आणि पुरेसा युक्तिवाद होता.

आरोग्याचा विचार हा देहाचा विचार आहे आणि तो ‘स्व’पुरता असतो. अहिंसेचा विचार ‘पर’जीवाचा आहे. पहिला दुसऱ्याला पूरक ठरला, तर तो आनंदाचा योग होय. परंतु पहिल्यावर दुसऱ्याची इमारत उभारली, तर विज्ञानाच्या प्रत्येक नव्या शोधाने ती डळमळेल. म्हणून घरातील लहान मूल जेव्हा ‘आपण मांस का खात नाही’ असे विचारील, तेव्हा त्याला आधी जुनेच उत्तर द्यावे : कारण त्या प्राण्यालाही जगावेसे वाटते. नंतर सांगावे की, नित्य व अधिक मांस खाण्याने शरीरालाही बहुधा अपाय होतो, आणि तो किती, हेही खरे सांगावे. आणि मग त्याच्या ताटात वरणाचा आणखी एक डाव वाढावा, मिठाईचा दुसरा तुकडा मात्र बाजूला ठेवावा, आणि घरातील आजी-आजोबांची ब-१२ ची तपासणी झाली की नाही, याची चौकशी करावी.

पन्नास वर्षे धर्म व सेवा यांचा संगम साधणाऱ्या संस्थेने आपल्या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजासाठी अशा रक्ततपासणीचे शिबिर भरवले आणि पंगतीच्या बेतातील दोन मिष्टान्ने कमी केली, तर तो महोत्सव खऱ्या अर्थाने सोन्याचा ठरेल. जीवदयेच्या परिघात स्वतःच्या घरातील माणसेही येतात.

जय जिनेंद्र.